पहिला तुंबा

शनिवारी सहाच्या सुमारास
उरुग्वे नदीकाठच्या त्याच बाकावर
मिर्ता आणि नेलिदा.
थर्मास आज काखेत नाही, दोघींच्या मधे,
कारण ऑपरेशननंतर नेलिदाचा खांदा अजून वर जात नाही.
पलीकडच्या काठावर दुसरा देश.
तिथले दिवे आधी लागतात,
निदान नेलिदाला तसं वाटतं.

"सांग, ह्या आठवड्यातलं आवडतं."
"तू आधी."
"माझा आठवडा व्यायामवालीनं खाल्ला. तू सांग."

मिर्ता तुंब्यात पाला भरते, तिरका करते,
कोमट पाण्यानं एकच कड भिजवते,
नळी खोचते आणि मग ती हलवत नाही.
ह्याला इथे माते म्हणतात.
माझ्या भाषेत ही आईला घातलेली साद,
जुन्या नाटकातली, हात जोडून.
तिच्या भाषेत कडू पाला, गरम पाणी,
आणि एक नियम: पहिला तुंबा बनवणारीनं प्यायचा,
कारण तो सगळ्यात वाईट लागतो.

मंगळवार, ती सांगते.
लुसिलानं शाळेच्या पांढऱ्या झग्यावरचा निळा बो
स्वतः बांधला. एक कान लांब, एक आखूड,
वारं प्यायलेल्या वासरासारखा.
माझे हात उठले सरळ करायला.
मग मी ते खिशात घातले.
खिशात मागच्या हिवाळ्यातलं संत्र्याचं साल सापडलं.
"तेही आवडतं?"
"तेही."

बुधवार काही नाही. बुधवारी मोरी तुंबली.

गुरुवारी रश्श्यात मीठ घालायचं राहिलं.
वॉशिंग्टन (हो, नवऱ्याचं नाव वॉशिंग्टनच,
सासऱ्यांची हौस)
निलगिरीच्या ओंडक्यांचा ट्रक घेऊन सहा दिवसांनी आलेला,
दोन वाट्या जेवला. हूं की चूं नाही.
नावडतीचं मीठ अळणी, आमच्याकडे म्हणतात.
मिर्ताला ही म्हण ठाऊक नाही. ती एवढंच सांगते:
भांडी उचलताना मी बोट चाटलं, तेव्हा कळलं,
आणि तो ओट्याला टेकून हसत होता.

शुक्रवार.
इथे ती थांबते. तुंबा नेलिदाकडे जातो, परत येतो.
शुक्रवारी शाळेच्या खानावळीतून सुटले
आणि घरी गेले नाही.
कड्याजवळ गाडी लावली, काचा वर केल्या,
अख्खा थर्मास एकटीनं संपवला.
दुसरा माझा, सातवा माझा,
पाला धुऊन धुऊन बेचव झाला तोही माझाच.
फोन दोनदा वाजला.
मी घरात नाहीये, असं मोठ्यानं म्हणाले, गाडीतल्या गाडीत.
"पाप लागेल," नेलिदा हसते, हसताना खांदा धरते.
"लागू दे. चाळीस मिनिटांचं."

"आणि नाहुएल?"
हे नेलिदा दर शनिवारी विचारते,
शेवटी, सहज विचारल्यासारखं.

सोळाचा. मार्चपासून दार बंद.
दारामागे कुणावर तरी ओरडतो, जिंकतो, हरतो.
जेवायला येतो म्हणजे ताट न्यायला येतो.

इथे आभार मानले की संपलं.
तुंबा परत देताना धन्यवाद म्हणालात
तर त्याचा अर्थ, पुरे, पुढच्या फेरीत मला धरू नका.
गप्प राहून परत दिलात तरच पुन्हा भरून मिळतो.
नाहुएल कित्येक महिने पहिल्याच तुंब्याला धन्यवाद म्हणतो.
काय वळणाचा मुलगा, शेजारणी म्हणतात.

आज सकाळी स्वयंपाकघरात आला, एकाच पायात मोजा.
मी भरून पुढे केला. प्यायला,
नळी गुरगुरेपर्यंत. परत दिला.
मिर्ता हातातला तुंबा दाखवते, हाच म्हणून.

"मग?"
"मग काही नाही.
काहीच म्हणाला नाही."

नेलिदा नदीकडे बघत राहते.
पलीकडचे दिवे लागलेत. इकडचेही, बहुधा मघाशीच.
थर्मास हलवून बघतात: एका तुंब्यापुरतं पाणी.
ते कुणाचं, यावरून दोघींचं
थोडं भांडण होतं.